कुलूप जंगलाला, मोकळीक वणव्याला!

३१ ऑगस्ट २०२१ च्या मध्यरात्री अमेरिकेच्या वनखात्याने कॅलिफोर्नियातील जवळजवळ सर्व राष्ट्रीय वनांची दारे जनतेसाठी बंद केली. सुमारे दोन कोटी एकरांचे अरण्य एका आदेशाने कुलूपबंद झाले. पायवाटेने चालायचे नाही, तंबू ठोकायचा नाही, ओढ्याकाठी मासे धरायला बसायचे नाही. आदेश मोडणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावास! सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या सुट्टीत लाखो कुटुंबे ज्या वनांकडे धाव घेतात, ती वने त्या वर्षी ओस पडली. पंधरवड्यानंतर बंदी उठली. दक्षिणेकडील चार वनांत ती आणखी आठवडाभर लांबली.

ज्या राष्ट्राने चंद्रावर माणूस पाठविला, त्याला आपल्याच अरण्यात आपल्याच नागरिकांना पाऊल ठेवू देण्याची भीती वाटावी, ही घटना केवळ परदेशातील बातमी म्हणून वाचून सोडून देण्यासारखी नाही. कारण ज्या विचाराने हे कुलूप घडविले, त्याच विचाराने आपल्या सह्याद्रीला, सातपुड्याला आणि कुमाऊँच्या डोंगरांनाही कुलूप घातले आहे. दोन्ही कुलुपांचा कारखाना एकच आहे.

बंदीचा हेतू आणि बंदीची मर्यादा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकी अधिकाऱ्यांचा तो निर्णय लहरी नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये सिएरा नेव्हाडा पर्वतातील एका जलाशयाकाठी उतरलेले दोनशेहून अधिक पर्यटक वणव्याने चहूबाजूंनी वेढले गेले आणि त्यांना लष्करी हेलिकॉप्टरांनी धुरातून उचलून आणावे लागले. त्याच दिवशी सॅन बर्नार्डिनो भागात, जन्माला येणारे अपत्य मुलगा की मुलगी हे जाहीर करण्याच्या हौशी समारंभात धुराचे नळकांडे उडविले गेले. त्या एका ठिणगीने बावीस हजार एकरांहून अधिक क्षेत्र जाळले आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा बळी घेतला. तेव्हा मौजेसाठी अरण्यात जाणाऱ्या माणसाला कोरड्या ऋतूत दोन-तीन आठवडे घरी थांबण्यास सांगितले, तर त्यात अन्याय कोणता?

परंतु बंदीने काय साधते आणि काय साधत नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्या वणव्यांच्या हंगामात हे दरवाजे बंद झाले, त्यातील डिक्सी वणवा पेटला होता १३ जुलैला. त्याने नऊ लक्ष त्रेसष्ट हजार एकर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या सहापटींहून अधिक क्षेत्र गिळले. ग्रीनव्हिल नावाचे एक जुने गाव ४ ऑगस्टला राख झाले. चौकशीचा निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये आला. ठिणगी पडली होती ती एका झाडाचा वीजवाहिनीला स्पर्श होऊन! ना कोणा गिर्यारोहकाची शेकोटी, ना कोणा वाटसरूची विडी. आणि ठिणगी कोणाचीही असो, ती पडल्यावर एवढे अरण्य एका दमात जळते कसे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बंदीच्या फलकावर लिहिलेले नसते. ते शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

आग विझविण्याचा अहंकार

कॅलिफोर्नियातील मूळ रहिवासी जमाती हजारो वर्षे अरण्यात राहत होत्या आणि अरण्य राखत होत्या. क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातील कारूक जमात ठरावीक ऋतूत, वारा आणि ओल पाहून, लहान लहान आगी हेतुपुरस्सर लावीत असे. त्यातून पाचोळा जळून जाई, टोपल्या विणायला लागणारे कोवळे कोंब फुटत आणि ओकची फळे वेचायला जमीन मोकळी होई. तो त्यांचा कुळाचार होता आणि व्यवहारही होता.

गोऱ्या सत्तेने हे सारे रानटीपणात जमा केले. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नराने फर्मान काढून मूळ रहिवाशांच्या आगींना बंदी केली. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तोच गुन्हा कायद्याच्या पुस्तकात घातला. १९१० मध्ये वायव्येकडील प्रांतांत तीस लक्ष एकरांचा भयानक वणवा पेटला, आणि वनखात्याने निष्कर्ष काढला की आग ही केवळ शत्रू आहे. १९३५ मध्ये आज्ञा निघाली : कोठेही आग दिसली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे! १९४४ पासून टोपी घातलेले एक अस्वल मुलाबाळांना हेच शिकवू लागले.

परिणाम काय झाला? दरवर्षी थोडा थोडा जळणारा पाचोळा दशकानुदशके साचत गेला. मोकळ्या वनांत झाडोरा माजला. त्यात हवामान तापले, पाऊस लांबला, आणि साचलेले सारे सरपण एकदम पेटू लागले. चूक उमगून दहा वाजताचा तो नियम १९७८ मध्ये मोडीत निघाला. पण तोवर उशीर झाला होता. आता तेच राज्य कारूकांच्या दारी गेले आहे. २०२४ मध्ये कायदा करून जमातींच्या पारंपरिक जाळणीला मोकळी वाट देण्यात आली आणि २०२५ मध्ये तसा पहिला करार कारूक जमातीशीच झाला. ज्यांना गुन्हेगार ठरविले, त्यांनाच गुरू करण्याची पाळी आली. ज्ञान स्वीकारायला दोनशे वर्षे का लागावीत?

देहराडूनहून वॉशिंग्टनपर्यंत

आता या कथेचा आपल्याशी असलेला धागा पाहू. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो. तरुणपणी वनशास्त्र शिकण्यासाठी तो युरोपात गेला, तेव्हा त्याला मार्गदर्शक लाभला डिट्रिच ब्रँडिस. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक! १८६४ मध्ये ब्रँडिसने हे पद स्वीकारले, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये देहराडूनला वनविद्येची शाळा निघाली. हिंदुस्थानात घडलेल्या राजकीय वनव्यवस्थेचा अनुभव असा अमेरिकेत पोहोचला.

ब्रँडिसवर अन्याय करू नये. या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या देवरायांचे मोल ओळखले होते आणि गावांच्या ताब्यात वने असावीत असा त्याचा आग्रह होता. पण १८७८ च्या कायद्याच्या वेळी त्याचे चालले नाही. सरकारने लेखी दिले नसेल ते सारे सरकारचेच, हा बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचा पक्ष विजयी झाला. रेल्वेला देवदाराचे, सागाचे, सालाचे लाकूड हवे होते. त्यात गावकऱ्यांची गुरे आणि गावकऱ्यांच्या चुली अडचणीच्या ठरल्या.

आगीच्या बाबतीतही तेच झाले. सातपुड्यातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात इंग्रजांनी आगबंदीचा प्रयोग आरंभिला. पुढे तो देशभर पसरला. काही दशकांतच ब्रह्मदेशातील सागाची आणि आसामातील सालाची नवी रोपे उगवेनाशी झाली, आणि इंग्रज वनाधिकाऱ्यांनाच आपल्या धोरणाचा फेरविचार करावा लागला. कागदावरील कायदा मात्र हटला नाही. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. त्याचे सव्विसावे कलम राखीव वनात आग लावणाऱ्याला शिक्षा सांगते, ते योग्यच. परंतु एकोणऐंशीवे कलम म्हणते की वनात काही हक्क असणाऱ्या प्रत्येकाने आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला धावले पाहिजे. हक्क आकुंचित करायचा आणि कर्तव्य मात्र पूर्ण वसूल करायचे, ही साम्राज्याची नीती होती.

कुमाऊँच्या जनतेने १९२१ मध्ये या नीतीला उत्तर दिले. राखीव केलेली चीडाची वने पेटली. सरकारला तक्रार निवारण समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. १९३० मध्ये आपल्या महाराष्ट्र-विदर्भातही जंगल सत्याग्रह झाला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. त्याच जुलै महिन्यात डॉ. हेडगेवारांनी सरसंघचालकपद डॉ. परांजप्यांकडे सोपवून यवतमाळजवळ सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांचा कारावास पत्करला. सप्टेंबरात चिरनेरला गोळीबार झाला. मूठभर गवतासाठी माणसे तुरुंगात का गेली? तो गवताचा प्रश्न नव्हता. अरण्य कोणाचे, हा प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतर तो सुटला असे आपण मानले, हीच आपली चूक.

आपलेही हात काळे आहेत

येथे आत्मपरीक्षण टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीतून प्रवास करणाऱ्या कोणालाही काळेठिक्कर डोंगर दिसतात. ते विजेने पेटलेले नसतात. पुढल्या वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने, मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून, कधी शिकारीसाठी, तर कधी निव्वळ खोडसाळपणाने आग लावली जाते. कारूकांची ऋतू पाहून, मर्यादा आखून केलेली जाळणी वेगळी आणि भर उन्हात काडी टाकून पाठ फिरविणे वेगळे. परंपरेच्या नावाखाली या बेफिकिरीचे समर्थन करणाऱ्यांनी परंपराही समजून घेतलेली नाही.

शहरी हौशी मंडळींचे काय? ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून गिर्यारोहणास गेलेली २३ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर त्या राज्याने गिर्यारोहणासाठी नियम केले. आपल्याकडे अजूनही गडावर चूल पेटविणे हे शौर्य समजले जाते. छत्रपतींचा जयजयकार करीत गडावर जायचे आणि निखारे तसेच टाकून खाली उतरायचे, ही शिवभक्ती नव्हे.

आणि आग विझवायला जातो कोण? १३ जून २०२४ रोजी अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणव्याशी झुंजताना वनखात्याचे चार जण मरण पावले, चौघे गंभीर भाजले. त्यांत हंगामापुरते नेमलेले अग्निरक्षकही होते. उपग्रह आज आगीची सूचना काही तासांत देतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून हे काम करीत आहे. देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आगीचा धोका असल्याचे तिनेच २०१९ मध्ये नमूद केले. पण आकाशातून सूचना आली तरी डोंगर माणसालाच चढावा लागतो. ज्या गावाला ते वन आपले वाटत नाही, त्या गावातून कोण धावणार? आणि ज्याच्या हाती झाडाची ओली फांदी सोडून दुसरे साधन नाही, त्याला कोणत्या तोंडाने धाव म्हणायचे?

किल्ली कोणाच्या हाती?

निर्बंध आपल्या संस्कृतीला परके नाहीत. देवराईतील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा निर्बंध अमेरिकेच्या आदेशापेक्षा कडक आहे. तेथे ना पहारेकरी, ना पाच हजार डॉलरचा दंड. समाजाने तो स्वतःवर घालून घेतला म्हणून तो शतकानुशतके टिकला. आणि जेथे समाजाची श्रद्धा आटली, तेथे देवरायाही आटल्या. निर्बंध असावा की नसावा, हा वादच नाही. तो कोण घालतो आणि कोणासाठी घालतो, हा वाद आहे.

म्हणून भूमिका स्वच्छ असावी. वणव्याच्या दिवसांत मौजेसाठी येणाऱ्यांना वनांचे दरवाजे बंद करावेत, आणि ते सुट्टीचा वार पाहून नव्हे, तर वारा व कोरडेपणा पाहून बंद करावेत. परंतु जो वनवासी अरण्यातच जगतो, त्याला त्याच फलकाने बाहेर काढणे म्हणजे राखणदारालाच हाकलून देणे होय. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून दाखविला. जेथे हा अधिकार कागदावरून शिवारात उतरला, तेथे गाव स्वतः जाळरेषा काढते. जेथे तो फायलीत अडकला आहे, तेथे वनखात्याने फलक ठोकून आपले कर्तव्य संपले असे मानू नये. हंगामी अग्निरक्षकाला अग्निरोधक पोशाख, प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण देणे ही मेहेरबानी नाही, ते ऋण आहे.

आणि आपण? होळीच्या आधी, थंडी ओसरताना, आपल्या जवळच्या टेकडीवर गावकऱ्यांसोबत व वनरक्षकासोबत एक दिवस जाळरेषेचे श्रमदान करणे शाखेतील तरुणांना, महाविद्यालयीन मंडळांना, गृहनिर्माण संस्थांतील कुटुंबांना अशक्य नाही. त्या दिवशी मुलांनाही सोबत न्यावे. जे हात अरण्य साफ करतात, ते पुन्हा त्यात जळती काडी टाकत नाहीत.

अमेरिकेने शंभर वर्षे अरण्य राखले ते माणसाला बाहेर ठेवून आणि आगीला दडपून. शेवटी आग सुटली आणि माणूसही गेला. त्या अपयशाची नक्कल करण्याची आपल्याला गरज नाही. कुलूप हवेच असेल तर असू द्यावे. पण त्याची किल्ली त्या अरण्याच्या उशाशी झोपणाऱ्या गावाच्या कमरेला असली पाहिजे.