ऑफिसच्या निरोपांची किल्ली कुणाकडे?

तुमचं दुकान, दवाखाना किंवा ऑफिस रात्री आठला बंद होतं. साडेआठला एखाद्या ग्राहकाचा फोन येतो. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ‘आपला निरोप बीपनंतर नोंदवा.’ तो बिचारा नाव, नंबर, काम, कधी कधी आजारसुद्धा सांगून मोकळा होतो. हा निरोप सकाळी कोण ऐकतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण तो कोण कोण ऐकू शकतं, हे माहीत आहे का?

व्हॉइसमेल आपल्याकडे घरोघरी कधी रुजलाच नाही. आपण मिस्ड कॉल देणारी माणसं! पण हॉटेलं, हॉस्पिटलं, कारखाने, मोठी ऑफिसं यांच्या ईपीएबीएक्सला तो जोडलेला असतो. आता तर छोट्या व्यवसायांनीही क्लाउडवरचा फोन नंबर घेतला आहे. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारा, आणि कोणी उचललं नाही तर निरोप साठवून ॲपवर किंवा ईमेलवर पाठवणारा. त्याला कोणी व्हॉइसमेल म्हणत नाही, पण पेटी तीच. आणि पेटी म्हटली की किल्ली आलीच.

किल्लीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे मोबाईल कंपन्या व्हॉइसमेलला सगळ्यांसाठी एकच ठरलेला पिन द्यायच्या आणि बरेच लोक तो बदलायचे नाहीत. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. माणसाचा नंबर लावायचा, फोन व्हॉइसमेलवर गेला की पिन टाकायचा आणि निरोप ऐकायचे. राजघराण्याशी संबंधित लोकांचे निरोप चोरून ऐकल्याबद्दल 2007 च्या जानेवारीत तिथला एक पत्रकार आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले. 2011 च्या जुलैमध्ये कळलं, की 2002 साली बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचं उघड झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीची पेटीसुद्धा अशीच उघडली गेली होती. लोक इतके चिडले, की 168 वर्षं चाललेलं ते साप्ताहिक 10 जुलै 2011 ला शेवटचा अंक काढून बंद झालं. या सगळ्यात कुणी मोठं तांत्रिक कसब दाखवलं नव्हतं. पिन माहीत होता, एवढंच.

ते मोबाईलचे व्हॉइसमेल होते. ऑफिसच्या पेटीला तर त्याहून जास्त हातपाय असतात. निरोप ऐकणं हा त्यातला एक अधिकार. तो पुसणं, दुसऱ्याला पाठवणं, स्वागताचा आवाज बदलणं, सगळ्या स्टाफला एकदम निरोप धाडणं, बाहेरच्या नंबरवर फोन लावायला सांगणं, हे सगळे वेगवेगळे अधिकार. आणि अनेक ऑफिसांत ते सगळे एकाच चार आकडी पिनमागे असतात. तो पिन म्हणजे बऱ्याचदा एक्स्टेन्शनचाच नंबर!

यातला शेवटचा अधिकार सगळ्यात महागात पडतो. मोठ्यांना आठवत असेल, पूर्वी काळ्या फोनच्या गोल डायलला छोटं कुलूप लावायचे, म्हणजे कोणी फुकट फोन करू नये. आणि हेही आठवत असेल, की काही हुशार मुलं डायलला हातही न लावता क्रेडलची बटणं टकटक दाबून नंबर लावायची. कुलूप डायलला होतं, फोनला नव्हतं. पेटीचंही तसंच. टेबलावरच्या फोनला आयएसडी बंद केलेलं असतं. पण पेटीत शिरून ‘माझे फोन अमुक नंबरवर वळव’ असं सांगता येत असेल, तर परदेशी कॉल तुमच्याच लाईनवरून लागतात. असे भामटे सुट्ट्या धरून येतात. शनिवार-रविवारी ऑफिस रिकामं असतं आणि बिल येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगाने ग्राहकांना सावध केलेली एक युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. तिथे पैसे समोरच्याने भरायचे असा कॉल करता येतो. यंत्र समोरच्याला विचारतं, ‘खर्च तुम्ही भराल का?’ भामटे काय करायचे, तर आधी एखाद्या कंपनीच्या पेटीत सोप्या पिनने शिरायचे आणि स्वागताचा आवाज पुसून तिथे ‘येस, येस, येस’ असं रेकॉर्ड करून ठेवायचे. मग त्याच नंबरवर तो कॉल करायचा. यंत्राने विचारलं, पेटी म्हणाली ‘येस’, कॉल जोडला गेला! स्वागताचा आवाज बदलण्याचा अधिकार किरकोळ वाटतो ना? इथे बिल त्यावरूनच फाडलं गेलं.

पण मला विचाराल तर आपल्याकडे बाहेरच्या चोरापेक्षा मोठा प्रश्न घरातल्या सोयीचा आहे. समजा, एक पॅथॉलॉजी लॅब आहे. रिसेप्शनची पेटी एकच, पिन एकच. तो आधीच्या मुलीला माहीत होता, आताच्या मुलीला आहे, अकाउंट्सवाल्या काकांना आहे, मालकांच्या मुलालाही आहे. एखादी बाई रात्री फोन करून सांगते, ‘माझा रिपोर्ट घरी पाठवू नका, मी स्वतः येऊन घेईन.’ तिने हे लॅबला सांगितलं. पण ऐकू शकणाऱ्यांत सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेली आणि आता तिच्याच सोसायटीत राहणारी मुलगीही असू शकते. तिच्या मनात काही वाईट नसेलही. पण नोकरी सोडताना कुणी तिच्याकडून चावी घेतली, आयकार्ड घेतलं. पिन बदलायचं सुचलं नाही. शिवाय पिन सगळ्यांचा एकच असला की निरोप कुणी पुसला हेही कळत नाही.

यावर उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. अधिकार माणसाकडे बघून न देता कामाकडे बघून द्यायचे. मोठ्या यंत्रणांमध्ये याची सोय तयारच असते. सिस्को युनिटी कनेक्शनमध्ये तिला ‘क्लास ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. तिथे एकेका माणसाचे अधिकार न ठरवता गट करता येतात. रिसेप्शनच्या गटाने निरोप ऐकावे आणि पुढे पाठवावे. गोदामाच्या गटाने फक्त आपले ऐकावे. सगळ्यांना एकदम निरोप पाठवणं एक-दोघांकडेच असावं. बाहेर कोणत्या नंबरवर फोन लावता येईल, याची वेगळी यादी असते. परदेशी नंबर कुणालाच लागत नसतील तर ते सगळ्यांसाठी बंद. छोट्या क्लाउड सेवांमध्ये इतका तपशील नसतो. पण प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देण्याची सोय बहुधा असते. ती वापरा. एका लॉगिनवर पाच जण बसवून वाचवलेले पैसे नंतर दुप्पट जातात.

आता ॲडमिनचं काय? बोर्ड बसवायला आलेल्या टेक्निशियनने जो पासवर्ड ठेवला, तोच वर्षानुवर्षं चालू राहतो. तो आधी बदला. मालकांनाही एक गोष्ट आवडणार नाही, पण सांगते: प्रत्येकाचा पिन तुमच्या डायरीत लिहिलेला असणं हे काही चांगल्या व्यवस्थापनाचं लक्षण नाही. ॲडमिनला पिन बदलून देता यावा, बघता येऊ नये. म्हणजे कुणी पेटी उघडलीच तर त्या कर्मचाऱ्याचा जुना पिन चालत नाही आणि त्याला लगेच कळतं. ‘ॲस्टरिस्क’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर जास्त जपा. त्याच्या साध्या मांडणीत व्हॉइसमेलचे पिन एका फाईलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असतात. सर्व्हरवर ती फाईल उघडू शकणाऱ्याला सगळ्या पेट्या उघड्या.

घरच्यांसाठीही दोन ओळी. 2018 मध्ये इस्राएलच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता, की भामटे रात्री दुसऱ्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करतात. पडताळणीचा कोड सांगणारा फोन झोपलेला माणूस उचलत नाही, कोड व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो आणि पिन न बदललेला असला की चोराला मिळतो. आपल्याकडे हाच खेळ कॉल फॉरवर्डिंगने झाला. म्हणून दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. आजी-आजोबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉल भलत्याच नंबरवर वळवलेले नाहीत ना, हे एकदा नातवंडांनी बघून द्यावं.

आणि ऑफिसवाल्यांनी आज बंद करून घरी गेल्यावर स्वतःच्या नंबरवर फोन लावून पाहावा. स्वागत कुणाच्या आवाजात आहे ते ऐका. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला, तर उद्या सकाळी पेट्यांची यादी मागवा. आता कामावर नसलेल्यांच्या पेट्यांतले कामाचे निरोप काढून घ्या, पेट्या बंद करा आणि उरलेल्यांचे पिन त्याच दिवशी बदलून घ्या. सहा आकडी ठेवा, एक्स्टेन्शन नको, जन्मसालही नको. चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर पेटी लॉक होते का, हेही टेक्निशियन आलाच आहे तर विचारून घ्या.