घंटागाडी आणि नऊची मीटिंग

रविवारी रात्री तांबडा-पांढरा पार्सल. सोमवारी सकाळी हाडं, रश्श्याच्या पिशव्या, कांद्याची सालं सगळं एकाच कॅरीबॅगमध्ये, गाडीच्या हुकाला. घंटागाडी नेमकी माझ्या आंघोळीच्या वेळेला येते, मग गल्लीचा कोपरा गाठायचा. तुम्हीही गाठत असणार, लाजू नका!

परवा मागे बसलेला मित्र कसबा बावड्याचा. म्हणाला, "टाक की भावा. शेवटी आमच्याच दारात येतंय." लाईन बाजारचा 'झूम' म्हणत होता तो. शहराचा कचरा तिथंच साचत गेला. वारा फिरला की ह्याच्या घरच्या खिडक्या बंद.

गंमत म्हणजे ऑफिसात मी टेम्पोंचे रूट आखतो. जादा फेरी म्हणजे जादा डिझेल, हे मला कुणी शिकवायला नको. कचऱ्यावरच्या खर्चात मोठा वाटा गोळा करण्याचा अन् वाहतुकीचाच. आणि कोपऱ्यावरच्या ढिगासाठी जादा फेरी लावणारा मीच! शिवाय ओलं-सुकं एकत्र झालं की धड खत होत नाही, प्लॅस्टिकही भंगारवाला घेत नाही. वेगळं ठेवायचा नियम २०१६ सालीच झाला. माझ्या किचनमध्ये डबा एकच.

काल दुसरा आणला. सकाळी घंटा वाजली तेव्हा डोक्याला साबण. शेजारच्या काकूंना आतूनच हाक मारली.

"देते रे," त्या म्हणाल्या, "पण ह्यातला ओला कुठला?"