आधी विजेचं बिल दाखवा

मंडळी, सध्या आमच्या नात्यागोत्यात एक नवीनच विषय निघालाय. पूर्वी लोणीला चार माणसं जमली की पाऊस, कांद्याचा भाव आणि पोरांची लग्नं यावर गप्पा व्हायच्या. आता त्यात शेअरबाजार आला आहे. रस्त्यात जमिनी गेलेल्यांच्या हातात एकरकमी पैसा आला, पोरांच्या मोबाईलमध्ये डिमॅट खाती आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'ग्रीन कंपनी' आली. कंपनी छोटी, शेअर स्वस्त, पण उद्या जग बदलणार म्हणे!

परवा एक भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. पर्यावरणाचं काम करणाऱ्यांवर तरी विश्वास ठेवा की."

त्याचं हे 'तरी' मला महत्त्वाचं वाटतं. सावकाराचा हिशोब आपण दोनदा तपासतो. पण पृथ्वी वाचवायला निघालेल्या माणसाला हिशोब विचारणं आपल्याला अशिष्ट वाटतं. शंका घेतली तर आपणच धुराच्या बाजूचे ठरू, अशी भीती वाटते. माझं मत नेमकं उलट आहे. 'हरित' म्हणवणाऱ्या छोट्या कंपनीला जास्त प्रश्न विचारायला हवेत, आणि ते त्या हरित कामाच्याच भल्यासाठी.

उदाहरण लांबचं नाही. आपण मंचरहून पुण्याला जाताना ज्या चाकणवरून जातो, तिथलंच आहे. जेनसोल इंजिनिअरिंग ही मूळची सौर प्रकल्प उभारणारी कंपनी. २०१९ साली ती लहान कंपन्यांच्या बाजारात आली, पुढे मोठ्या बाजारात गेली. मग इलेक्ट्रिक गाड्या बनवायचं ठरलं आणि त्यासाठी चाकणला कारखाना. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. ९ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराचा अधिकारी चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे उत्पादन काहीच चालू नव्हतं. दोन-तीन मजूर तेवढे होते. मग महावितरणची बिलं पाहिली. आधीच्या वर्षभरातलं सगळ्यात मोठं बिल सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं, डिसेंबर २०२४ चं. एवढ्या विजेत मोटारींचा कारखाना चालतो का? आणि त्या ३०,००० गाड्यांचं काय? कागद निघाले ते ९ संस्थांशी झालेल्या २९,००० गाड्यांच्या इच्छापत्रांचे. त्यात ना किंमत, ना गाडी कधी देणार त्याची तारीख.

हे सगळं सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात आहे. इलेक्ट्रिक गाड्या घेण्यासाठी मिळालेल्या कर्जातल्या सुमारे २६२ कोटींचा हिशोब लागत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. जून २०२४ मध्ये अकराशेच्या वर गेलेला शेअर तोपर्यंत दीडशेच्या खाली आला होता. आणि २०१९-२० साली जिचे १५५ भागधारक होते, तिचे आता लाखाच्या वर झाले होते. ही वाढलेली माणसं कोण? तुमच्या-आमच्यासारखीच की!

"पण मामा, मोठमोठ्यांनी पैसे दिले होते ना?" दिले होते. इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी वित्तसंस्थांनी कर्ज दिलं होतं. म्हणूनच सांगतो, 'मोठ्यांनी पाहिलं असेलच' हा काही पुरावा नव्हे. मोठ्यांना बुडीत खातं परवडतं. निवृत्तीच्या पैशाला ते परवडत नाही.

मला शेअरबाजारातलं ओ की ठो कळत नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पण "सर, गृहपाठ केलाय" असं पोराने म्हटलं की "वही दाखव" म्हणायची सवय आहे. त्यात पोराचा अपमान नसतो. ज्याने खरंच गृहपाठ केलेला असतो, तो उलट वही उघडून पुढे धरतो.

याआधीही आपण हे पाहिलेलं आहे. मोगली एरंड आठवतो? बांधाला कुंपण म्हणून लावायचा, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि हा एरंड एकदम डिझेलचं झाड झाला. पडीक रानात, बिनपाण्याचं तेल! तिकडे ब्रिटनमध्ये डी-वन ऑइल्स या छोट्या कंपनीचे शेअर २००४ मध्ये बाजारात आले. २००७ मध्ये बीपीसारखी बलाढ्य तेलकंपनी तिची भागीदार झाली आणि २००९ मध्ये बाहेरही पडली. झाड खोटं नव्हतं, तेलही निघतं. पण कोरड्या रानात एकरी किती बी मिळेल, हे नीट मोजायच्या आधीच स्वप्न विकलं गेलं. आमच्या लोणी-धामणीच्या कोरड्या पट्ट्यातला कुठलाही शेतकरी सांगेल की बिनपाण्याचं झाड जगतं, पण भरभरून देत नाही.

मग नवीन काही करूच नये का? करावं की! आमच्यापासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे पोरं हाताने बनवून शिकतात. वस्तू चालली तर चालली, नाही तर पुन्हा करा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने घरातल्या उष्ट्या-खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलं. त्याला २००६ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तिथे आधी चूल पेटली, कौतुक मागून आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

ठिबकसुद्धा आपल्याकडे असंच पसरलं. शेजाऱ्याच्या रानात एक हंगाम पाहिला, मग आपल्या रानात नळ्या टाकल्या. आता सौर पंप घेणारा शेतकरीही पहिलं हेच विचारतो की, "ढगाळ दिवसात किती पाणी टाकतो?" हा माणूस सूर्याचा शत्रू आहे का? नाही. तोच त्याचा खरा गिऱ्हाईक आहे.

आणि शंका न घेतल्याने नुकसान कोणाचं होतं? जेनसोलने घेतलेल्या गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेत धावत होत्या. लोकांना ती सेवा आवडायची. एप्रिल २०२५ मध्ये तीही थांबली आणि हजारो चालकांचं काम गेलं. जूनमध्ये जेनसोल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणजे जे खरंच चालत होतं, तेही बुडालं. उद्या एखादा प्रामाणिक पोरगा चांगली बॅटरी घेऊन आला तर लोक त्यालाही दारातूनच परत पाठवतील.

आपल्या गावाच्या यात्रेची वर्गणी देवासाठीच असते ना? तरी यात्रा झाली की देवळासमोर हिशोब वाचला जातो. त्याने कुणाची श्रद्धा कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

म्हणून भाच्याला आणि तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कंपनीचं नाव कितीही हिरवं असो, आधी विचारा: वस्तू आज कुठे चालू आहे? कोणी रोख पैसे देऊन घेतली आहे का, की नुसतं इच्छापत्र आहे? कारखाना असेल तर त्याचं विजेचं बिल किती येतं? उत्तरं मिळाली तरीही, गेले तर झोप उडणार नाही एवढेच पैसे घाला. मुलीच्या शिक्षणाचे आणि जमिनीच्या मोबदल्याचे पैसे त्यात नकोत. जमीन एकदाच जाते, तिचे पैसेही एकदाच येतात.