पात्राला तडा का जातो?

गोचरीस निघालेल्या साधू-साध्वींच्या झोळीतील काष्ठपात्रे आपण नित्य पाहतो. आचारांग सूत्रात तुंब्याचे, लाकडाचे व मातीचे पात्र ग्राह्य मानले असून धातूची पात्रे वर्ज्य सांगितली आहेत. आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचा जन्म १९०० साली चिचोंडीचा. त्यांच्या या जिल्ह्यात दीक्षेच्या प्रसंगी पात्रे वहोरावण्याचा लाभ घेण्यास कुटुंबे उत्सुक असतात. मात्र ते पात्र दोन उन्हाळे टिकेल की नाही, हे क्वचितच विचारले जाते. भेगेत अन्नाचा कण अडकतो, तेथे जीवोत्पत्ती होते आणि संयमाचे उपकरणच दोषाचे कारण ठरते.

दोष बहुधा कातार्‍याच्या हाताला दिला जातो. तो अन्याय होय. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की ते आक्रसू लागते, आणि तेही असमान. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारे आक्रसणे केंद्राच्या दिशेने होणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ही ओढाताण असह्य झाली की तडा जातो. म्हणून जाणता कातारी ओंडका उभा चिरून मधला मऊ गाभा प्रथम काढून टाकतो, मगच तुकडा लेथवर चढवतो.

कोरण्याचे काम दोनदा करावे लागते. प्रथम पात्र जाड ठेवावयाचे: १० इंच व्यासाला सुमारे १ इंच भिंत, तळही तितकाच. तळ जाड आणि कड पातळ राहिली तर कड आधी सुकून फाटते. कापलेल्या तंतूंची टोके सर्वांत वेगाने पाणी सोडतात. त्यांवर पॅराफिनचे मेण लावावे, मधमाश्यांचे नव्हे. मग पात्र कागदात गुंडाळून वाऱ्यापासून दूर ठेवावे व दर आठवड्यास तोलावे. वजन उतरणे थांबले की पुन्हा लेथवर घेऊन पातळ करावे. यात कित्येक महिने जातात. शेवटच्या घासणीत घाई झाली तर निर्माण होणाऱ्या उष्णतेनेही केसासारख्या भेगा पडतात.

त्यात आपल्या जिल्ह्याची हवा कोरडी. लेथवरील लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असता लाकूड सुमारे १६ टक्के ओलावा धरते. पाथर्डी-जामखेडच्या उन्हाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच लाकूड ६ टक्क्यांकडे उतरते. तेथे सुकलेले पात्र येथे पुन्हा आक्रसते. पादविहारी साधूंच्या पात्राला तर दोन्ही हवा सोसाव्या लागतात. रंगाचा लेप ओलाव्याची ये-जा मंदावतो, थांबवीत नाही. चकचकीत रंगाखाली भुसा-डिंकाने बुजविलेली भेग मला तर उघड खोटा माल वाटते.

मुहूर्त ठरल्यावर पंधरा दिवसांत पात्रे मागविणे म्हणजे ओले लाकूड मागणे. कातार्‍याजवळ महिनोन्महिने माल अडकवून ठेवण्याइतके भांडवल नसते. ते आपल्याजवळ असते. साधूंच्या नावाने पात्र करविणे औद्देशिक दोषात मोडते, तेव्हा आगाऊ रक्कम सर्वसाधारण साठ्यासाठीच द्यावी. शिवण व साग कमी आक्रसतात. लाकूड शक्यतो तेच असावे. आणि पात्र प्रथम कोरल्याची तारीख व त्यानंतरची वजने कातार्‍याने वहीत लिहून ठेवावीत, असे सांगावे. घेताना ती वही पाहावी.