उपवासाचे पुण्य

आमचे चिरंजीव इयत्ता सातवीत आहेत. परवा रात्री दहा वाजता मी माझा मोबाइल त्यांच्या हातून काढून घेतला आणि वर एक व्याख्यानही दिले. "१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' लागे. रविवारी सकाळी एक भाग पाहिला, की आठवडाभर आम्ही नाव काढीत नसू. याला म्हणतात संयम!" चिरंजीव निमूटपणे झोपायला गेले. वर्गात अशी शांतता मला क्वचितच लाभते.

मग जरा विरंगुळा म्हणून मी त्याच मोबाइलवर एक मालिका लावली. एक भाग संपला, की पुढचा आपोआप सुरू होई. यंत्राचा आग्रह मोडवेना! चौथा भाग रंगात आला असता पाठीमागे चाहूल लागली. चिरंजीव पाणी प्यायला उठले होते. घड्याळात दीड वाजला होता. ते काही बोलले नाहीत. पाणी प्याले आणि निघून गेले.

त्या न बोलण्याने माझी झोप उडाली. तो संयम खरोखर आमचा होता का? पुढचा भाग दूरदर्शनच दाखवीत नसे. आम्ही पाहणार काय? दुष्काळातल्या उपवासाचे पुण्य मी इतकी वर्षे मिरवीत होतो!

सकाळी मी म्हटले, "बाळ, तो आपोआप लागणारा भाग बंद कसा करतात, दाखव पाहू." त्यांनी क्षणात दाखविले. आता रात्री दहाला मोबाइल फडताळात निजतो. घड्याळावर लक्ष ठेवण्याचे काम चिरंजीवांकडे आहे. आणि ते माझ्यापेक्षा कडक आहेत.