सर्व्हर भाड्याचा चालेल, नाव मात्र स्वतःचं हवं



ओतूरहून आळेफाट्याकडे येताना पिंपरी पेंढारच्या आसपास दुकानांच्या पाट्या जरा नीट वाचत या. धंद्याचं नाव, मोबाईल नंबर आणि खाली ईमेल, जीमेलचा. एखाद्या जुन्या पाटीवर अजून रेडिफमेल असतो. रेडिफ आपल्या मुंबईची कंपनी, त्यामुळे त्या पाटीबद्दल मला थोडं प्रेमही आहे. पण पाटीचा खर्च तुमचा आणि जाहिरात दुसऱ्याची, हे काही पटत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक मेलच्या तळाशी 'तुम्हीही फुकट ईमेल घ्या' अशा अर्थाची ओळ आपोआप लागायची. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने तो धंदा सुमारे ४० कोटी डॉलरला घेतला. जाहिरात कोणी केली? गिऱ्हाइकांनीच की!

म्हणून मी सांगत आलो, स्वतःचं डोमेन घ्या. आमच्या बॅचमधल्या पिंपरी पेंढारच्या एका पोराने घेतलं. कांदा वाळवून विकतो, माल चोख. पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराला कोटेशन पाठवलं आणि आठ दिवस वाट बघत बसला. शेवटी फोन केला, तर समोरचा म्हणतो, "तुमचं काही आलंच नाही." आलं होतं, स्पॅममध्ये पडलं होतं. तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेलेली.

असं का झालं? ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या मेलच्या मागे साधारण तीन प्रोग्रॅम असतात. पोस्टफिक्ससारखा एक मेल नेतो-आणतो, म्हणजे पोस्टमन. डोव्हकॉटसारखा दुसरा आलेली मेल पेटीतून काढून दाखवतो. राउंडक्यूब हा फक्त समोरचा पडदा. तिन्ही फुकट मिळतात, म्हणून स्वस्त होस्टिंगवाला एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं बसवतो. आता डेअरीचं उदाहरण घ्या. एकाच्या दुधात भेसळ निघाली की सगळा टँकर परत येतो. तसंच त्या सर्व्हरवरून कोणी एकाने फसवे मेल पाठवले की तुमच्या कोटेशनकडेही संशयाने बघितलं जातं.

त्यात या पोराच्या डोमेनला एसपीएफ नव्हतं. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या सेटिंगमधली एक ओळ, 'माझ्या नावाने मेल पाठवायचा हक्क या सर्व्हरला आहे' असं सांगणारी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर लागणारं सील. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं निदान एक हवंच, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला दोन्ही आणि वर डीएमार्क.

दहा मिनिटांचं काम होतं. पण लॉगिन कुठाय? डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर, आणि तो फोन उचलेना. शेवटी नवीन डोमेन, नवीन बॉक्स, नवीन कार्ड. यात माझीही चूक आहे. 'वेबसाइटवाल्याकडून सगळं करून घ्या' असं मीच एका व्हिडिओत म्हणालो होतो.

काही हुशार पोरं म्हणतात, सर, आपणच सर्व्हर टाकू. नका टाकू. रात्री दोनला तो बंद पडला तर कांदा बघणार की सर्व्हर? केंद्र सरकारनेसुद्धा सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल चेन्नईच्या झोहोकडे नेला. पत्ते मात्र जीओव्ही डॉट इन आणि एनआयसी डॉट इनच राहिले. सर्व्हर बदलला, नाव जागेवर.

"सर, माझं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच आहे." मान्य. फाट्यावर वडापाव विकत असाल तर यावर एक रुपया घालू नका. पण निर्यातदार, मोठं हॉटेल, टेंडर यांच्याकडे माल द्यायचा असेल तर गाठ मेलशीच आहे.

ज्यांनी डोमेन घेतलंय त्यांनी आज रात्री त्या खात्यात लॉगिन करून बघा, मालक म्हणून कोणाचं नाव आणि कोणाचा नंबर आहे. मग स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा आणि 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या पुढे 'पास' दिसत नसेल, तर उद्याचं कोटेशन पाठवल्यावर लगेच फोनही करा.