मनाचा सूर आणि महिन्याची वर्गणी

विविध भारती १९५७ साली सुरू झाली. गाण्याची वेळ आकाशवाणीने ठरवावी आणि श्रोत्याने त्या वेळेस हजर राहावे, असा पुढे कित्येक वर्षे शिरस्ता होता. आज तो उलटला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलेले स्पॉटिफाय असो वा आपल्याकडील जिओसावन, आनंद, निवांतपणा, विरह अशा मनःस्थितींनुसार गीतमालिका तेथे सज्ज असतात.

स्वर आणि भाव यांचे नाते आपल्याला नवे नाही. स्थानांग सूत्रात सप्तस्वरांचे विवेचन आहे. ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराने रचला. पहाटेचा भैरव, सायंकाळचा यमन, रात्रीचा मालकंस ही व्यवस्था मनाला प्रहराशी जोडते. ॲप मात्र मनाच्या मागे चालते. कोणते गाणे पूर्ण ऐकले, कोणते मध्येच सोडले, समान आवडीचे इतर श्रोते काय ऐकतात, यांची नोंद ठेवून ते पुढचे गाणे सुचविते. म्हणूनच खिन्न मनाने लावलेल्या एका विरहगीतामागे तशीच दहा गाणी रांगेत उभी राहतात. दुःख हलके होण्याऐवजी कुरवाळले जाते.

सेवा निवडताना म्हणूनच काही गोष्टी पाहाव्यात. आपली स्तवने, नाट्यगीते, शास्त्रीय गायन तेथे पुरेसे आहे काय, हे प्रथम विनामूल्य वापरून तपासावे. विनामूल्य सेवेत भक्तामर स्तोत्रानंतर लगेच जाहिरात कानी पडू शकते, हेही ध्यानात घ्यावे. आजींचे स्तवन, दुकानातील गाणी आणि नातवाचे नृत्यसंगीत एकाच खात्यावर चालल्यास सूचनांची खिचडी होते. त्यासाठी कुटुंब योजनेतील स्वतंत्र खाती उपयोगी पडतात. ‘ऑटोप्ले’ बंद ठेवल्यास निवडलेली मालिका संपताच संगीत थांबते.

आता हिशेबाची बाजू. चाचणीचा काळ संपताच वर्गणी आपोआप वळती होऊ लागते. अशी रक्कम वळती करण्यापूर्वी किमान २४ तास सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश वाचण्याची सवय हवी. मोबाईलमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती सेवेच्या खात्यातून रद्द करावी लागते. यूपीआयने पैसे भरत असल्यास तेथील ऑटोपे आदेशही पाहावा. महिन्याची रक्कम किरकोळ वाटते, परंतु बाराने गुणूनच तिचा विचार करावा.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाच्या परिमाणाचे व्रत आहे. श्रोत्रेंद्रियाचा भोगही त्यात येतो. अमर्याद भांडारातून आज किती आणि काय ऐकावयाचे, हे ऐकण्यापूर्वीच ठरवावे. येत्या पर्युषणात प्रत्येक घराने स्तवनांची एक मालिका स्वतःच्या हाताने निवडावी, सामायिकाची ४८ मिनिटे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि त्यानंतर ती सर्वांनी मिळून ऐकावी.